अंथरूण कापून पाय पसरावे

शुक्रवारी रात्री उशिराच्या कसारा लोकलमध्ये ट्रेकर ओळखायला फार अक्कल लागत नाही. सॅक आत येते आणि सॅकवर आडवी बांधलेली गुंडाळी दाराला अडकून बाहेरच राहते. मागचा माणूस ‘अहो, तुमची चटई!’ म्हणून ओरडतो आणि पुढचा दुखावल्या सुरात ‘कॅरीमॅट आहे ती’ असं सांगतो. हे नाव मूळचं कॅरीमोर या ब्रिटिश कंपनीच्या मालाचं. डालडा आणि झेरॉक्सप्रमाणे तेही कंपनीच्या हातून कधीच निसटलं, आणि आता टीव्हीच्या खोक्यातून निघालेल्या फोमलासुद्धा आपल्याकडे कॅरीमॅटच म्हणतात. मॅट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दुकानात पहिली गोष्ट काय करतं, तर अंगठ्याने दाबून बघतं. हापूस पारखावा तसा अंगठा रुतवायचा, ‘ही जरा कडक वाटते’ म्हणायचं आणि पुढची काढायला लावायची. चौथी मॅट दोन इंच जाड, फुगीर आणि दीड किलोची निघाली की मग चेहरा खुलतो. आता अंगठ्याला मऊपणा कळतो हे खरं, पण अंगठ्याला थंडी कळत नाही, किंमत कळत नाही आणि चढणीवर दीड किलो म्हणजे काय हे तर मुळीच कळत नाही, कारण चढताना त्याला काही काम नसतं. माझं म्हणणं असं की सह्याद्रीत मुक्काम करणाऱ्याने, आणि विशेषतः खिसा सांभाळून करणाऱ्याने, मऊपणाला एक पैसा देऊ नये. काही शे रुपयांची, एक सेंटिमीटर जाडीची, दाट फोमची मॅट घ्यावी आणि घरी आणून ती सरळ कात्रीने कापावी.

कापण्याचं पुढे बघू, आधी थंडी. हरिश्चंद्रगडाचंच घ्या. उंची १,४२४ मीटर, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा एक आकडी होणं नवलाचं नाही. मंदिराजवळच्या लेण्यात वारा लागत नाही म्हणून मंडळी खूश होऊन पथाऱ्या टाकतात. पिठलं-भाकरी पोटात असते, नऊ वाजेपर्यंत गाणी चालतात. दोनच्या सुमाराला एक जण कुशीवर वळतो. मग दुसऱ्या कुशीवर. मग गुडघे पोटाशी घेतो. मग उठून स्वेटर चढवतो, त्यावर जर्किन, त्यावर रेनकोट, आणि शेवटी शेजाऱ्याच्या पांघरुणाचं टोक हळूच ओढतो. एवढा सगळा बंदोबस्त वरच्या बाजूला, आणि चोर शिरलेला असतो खालून. पाठीखाली बेसॉल्टचा कातळ असतो आणि त्या कातळाखाली आख्खा गड. अंगाच्या उष्णतेने तो तापेल अशी आशा धरणं म्हणजे काडेपेटी घेऊन विहीर तापवायला निघणं. महागडी स्लीपिंग बॅग इथे का हरते, तेही यातच आहे. बॅगेची ऊब तिच्या भरणात कोंडलेल्या हवेची असते, आणि आपण अंग टाकतो तिथे नेमकी तीच हवा चेपून निघून जाते. पाठीखाली उरतं नुसतं कापड. याच गडावर केदारेश्वराची पिंड कमरेएवढ्या गार पाण्यात बारमाही उभी आहे आणि तिची काही तक्रार नाही. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ इथेच लिहिला असं सांगतात. ते कशावर झोपत, हे मात्र कोणी सांगत नाही. देव आणि योगी वगळले तर बाकीच्यांना जमीन आणि पाठ यांच्यामध्ये अशी काहीतरी वस्तू लागते, जिच्यातली हवा वजनाने निघून जात नाही.

उष्णतेची ही अडवणूक मोजायला आर-व्हॅल्यू नावाचा आकडा आहे. मॅट एका गरम आणि एका गार पाटामध्ये ठेवायची आणि उष्णता किती झिरपते ते बघायचं, असा सरळ हिशेब. २०१८ मध्ये मोजणीची एक समान पद्धत ठरली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपला पेपर आपणच तपासत होती. बर्फावर झोपायचं तर हा आकडा चारच्या वर लागतो. एक सेंटिमीटर दाट फोम साधारण दीडच्या आसपास देतो, आणि आपल्याकडच्या कातळावर बऱ्यापैकी स्लीपिंग बॅगेबरोबर तेवढा पुरतो. शिवाय या आकड्यांची चक्क बेरीज होते. दोन मॅट एकावर एक टाकल्या की तीन. संसारात इतकी प्रामाणिक बेरीज क्वचित मिळते.

आता वजन. त्याला काटाही लागत नाही. १८० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि १ सेंटिमीटर जाड, म्हणजे १०,८०० घन सेंटिमीटर. चांगला फोम घनमीटरला ३० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे आख्खी मॅट सव्वातीनशे ग्रॅम. बाकी सगळी हवा, आणि ती दुकानदार अजून फुकट देतो. मात्र फोम-फोममध्ये फरक असतो आणि स्वस्ताच्या नादात माणूस फसतो तो इथेच. पॅकिंगचा पांढरा, मोठ्या बुडबुड्यांचा फोम हलका असतो, स्वस्त असतो आणि दोन-चार मुक्कामांत पापडासारखा चपटा होतो. ईव्हीए किंवा क्रॉसलिंक फोमचे दाणे बारीक असतात. त्यात नख रोवलं तर खूण हळूहळू भरून येते. ईव्हीए म्हणजे चपलेच्या तळव्याचाच सख्खा भाऊ, त्यामुळे आपल्या वजनाची त्याला सवय आहे. अंगठ्याला दुकानात काही काम द्यायचंच असेल तर ते नखापुरतं द्यावं. स्पंजची मॅट कोणी कितीही लाडाने दाखवली तरी घेऊ नये. ती पाणी पिते, आणि लेण्याच्या कोपऱ्यात पाणी कुठून येतं ते पुरातत्त्वज्ञांनाही सांगता येणार नाही. योगा मॅट घेऊन येणारेही असतात. ती पाय घसरू नये म्हणून केलेली आहे, झोप लागावी म्हणून नव्हे. जाडी निम्मी आणि वजन तिप्पट. चंदेरी मुलाम्याची बाजू वर ठेवायची की खाली, यावर मुक्कामात हमखास वाद होतो. अंग त्या चांदीला चिकटून असतं, मध्ये पोकळीच नसते, त्यामुळे चांदी जिकडे असेल तिकडे फरक नगण्य. वाद घालणाऱ्यांना तेवढा वेळ ऊब येते, एवढा फायदा धरावा.

यावर हवेच्या मॅटवाले हसतील, आणि त्यांच्या बाजूने पुरावा आहे हे आधीच कबूल करतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सिअ‍ॅटलमध्ये बोइंगमधून नोकरी गेलेल्या इंजिनिअरांनी आपोआप फुगणारी मॅट काढली; त्यांच्याच थर्मारेस्ट या नावाखाली निघणारी आजची हवेची मॅट, निओएअर एक्सलाइट, ३७० ग्रॅमची आहे आणि आर-व्हॅल्यू साडेचार. त्याच कंपनीची घडीची फोम मॅट, झी लाइट सोल, ४१० ग्रॅम आणि आर-व्हॅल्यू दोन. म्हणजे महाग वस्तू हलकीही आहे आणि उबदारही! पण पहिलीची किंमत दोनशे डॉलरच्या घरात आणि दुसरीची तिच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. वजनातला फरक चाळीस ग्रॅमांचा, म्हणजे एक अंडं, तेही लहान. हिमालयात ती जादा ऊब जीव सांभाळते, तिथे अंड्याचा हिशेब करू नये. सह्याद्रीत मात्र ती मॅट करवंदीच्या जाळीशी गाठ घालायला आणलेली असते. फोमला काटा लागला तर एक भोक पडतं आणि आणखी काही होत नाही. हवेच्या मॅटला तोच काटा लागला की पहाटे तीन वाजता दोनशे डॉलर हलकेच सुस्कारा टाकतात आणि मालक पाठीने कातळाला भेटतो. स्वस्तातली हवेची मॅट घ्यावी, तर आत नुसती हवा हिंडत असते. जाडी तीन इंच आणि ऊब फोमइतकीसुद्धा नाही. त्यात चढून आल्यावर ती तोंडाने फुगवायची, म्हणजे दमलेल्याने आणखी दमायचं. आणि आवाज! पंधरा माणसं निजलेल्या लेण्यात अशा मॅटवर कूस बदलणं म्हणजे गाभाऱ्यात वेफर्सचं पाकीट फोडणं. एका माणसापुढे मात्र माझा युक्तिवाद लंगडा पडतो: ज्याला कुशीवरच झोप लागते आणि ज्याचं खुब्याचं हाड दुखतं. त्याने खुशाल हवा विकत घ्यावी, सोबत पंक्चरची चिकटपट्टी ठेवावी.

दुसरी हरकत घोंगडीची. ‘मावळे काय कॅरीमॅट घेऊन गड चढले?’ हा प्रश्न साधारणपणे मॅटवर लोळत विचारला जातो. घोंगडीला नाव ठेवायची माझी हिंमत नाही. लोकर हवा धरून ठेवते, ओली झाली तरी पूर्ण दगा देत नाही, आणि विस्तवाची ठिणगी पडली तर फोमसारखी वितळत नाही. पण चांगली घोंगडी किलोंत मोजावी लागते, आणि घोंगडीवाला धनगर ती उघड्या कातळावर टाकत नाही. तो आधी जागा बघतो, उतार बघतो, गवत बघतो, आणि मगच पसरतो. आपण रात्री अकराला पोचून बॅटरीच्या उजेडात उरलेली जागा घेतो. घोंगडी तीच असली तरी अक्कल भाड्याने मिळत नाही. मॅट मात्र मिळते, आणि वर्षातून एकदाच गडावर जाणाऱ्याने ती खुशाल भाड्याने घ्यावी. हरिश्चंद्रगडावर गावची मंडळी तंबूसकट सोय करतात. मित्राकडून उसनी घेण्याबद्दल काही बोलत नाही. पुस्तक, छत्री आणि कॅरीमॅट यांचा पुढचा प्रवास नेहमीच एकमार्गी असतो.

राहिली कात्री. अंथरूण पाहून पाय पसरावे हे म्हणणाऱ्याकडे सॅक नव्हती. माणसाचा भार खांद्यापासून मांडीपर्यंत असतो. थंडी तिथे अडवली की काम झालं. पायांखाली रिकामी सॅक टाकता येते, डोक्याखाली कपड्यांची पिशवी. म्हणून १२० सेंटिमीटर ठेवायचे आणि ६० कापून टाकायचे. वजन सव्वातीनशेवरून सव्वादोनशेच्या खाली, आणि गुंडाळी इतकी बारीक की लोकलच्या दारातून मालकाबरोबरच आत येते. शंभर ग्रॅम वाचवल्याचं हे समाधान सबंध चढणीवर पुरतं. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर टोलार खिंडीत दम खायला बसेपर्यंत तरी नक्कीच. कारण खिंडीतला दगड सकाळी गार असतो, आणि तिथे मॅट कापून आलेला गडी इकडे तिकडे बघत सॅकच्या वरच्या कप्प्यातून, बुडाखाली घ्यायला, तोच साठ सेंटिमीटरचा तुकडा काढतो.