नुसतं फिरतंय

आमच्या धंद्यात एक काम असं आहे की ज्यात काहीही होत नसतं. होतंय असं फक्त दाखवायचं असतं. त्याला लोडर म्हणतात. पडद्याच्या मधोमध फिरणारं ते चक्र. तुम्ही बटण दाबता, विनंती कुठल्या तरी सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हर आपल्या सवडीने उत्तर देतो. मधल्या वेळात तुम्ही उठून जाऊ नये, ब्राउझर बंद करू नये आणि मुख्य म्हणजे तेच बटण पुन्हा दाबू नये, म्हणून आम्ही चक्र फिरवत ठेवतो. माझ्या घराचा हप्ता बराचसा या चक्रावरच फिटतोय, असं म्हणायला हरकत नाही.

चक्र फिरतंय म्हणजे आत काहीतरी चाललंय, अशी लोकांची भाबडी समजूत असते. एक चौकोनी डबा घ्यायचा, त्याला करडी किनार द्यायची, वरची बाजू तेवढी निळी करायची आणि कोपरे पन्नास टक्के गोल करायचे. झालं वर्तुळ. मग त्याला सांगायचं, सेकंदाला एक फेरी मार. किती वेळ? तर 'इन्फिनिट'. हा शब्द खरोखर तसाच लिहावा लागतो. या वर्तुळाचा आणि सर्व्हरचा काडीचाही संबंध नाही. सर्व्हर बंद पडो, वायफाय जावो, समुद्राखालची केबल तुटो, हे आपलं फिरतंय. कधीकधी तर पानावरची बाकी सगळी बटणं गोठलेली असतात आणि हे एकटंच मजेत फिरत असतं, कारण ब्राउझर असली फिरवाफिरवी वेगळ्या थ्रेडवर करतो. त्याला थांबवायचं काम माणसालाच करावं लागतं. ते बहुतेक जण उत्तर आल्यावर करतात; उत्तराऐवजी एरर आली तर काय, हे लिहायचं राहून जातं. मग आमची टेस्टर मुद्दाम इंटरनेट बंद करून बघते आणि खुर्चीवरून न उठता ओरडते, "सर, फिरतंय अजून!" आख्ख्या मजल्याला ऐकू जातं.

पूर्वी ही जबाबदारी आमच्या गळ्यात नव्हती. लिंकवर क्लिक केलं की अख्खं पान बदलायचं आणि तोवर ब्राउझरच्याच कोपऱ्यात काहीतरी हलायचं. नेटस्केपच्या कोपऱ्यात 'एन' अक्षरामागून उल्का पडत. उल्का पडतायत तोवर आशा आहे, एवढं लोकांना कळायचं. मग १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत पान न बदलता मागच्या मागे माहिती मागवायची सोय केली. २००४ मध्ये जीमेल आलं, पुढच्या वर्षी गूगल मॅप्स, आणि त्याच २००५ च्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीचं 'एजॅक्स' असं बारसं केलं. गोची अशी की मागच्या मागे मागवलं, तर ते मागवलंय हे कुणालाच कळेना. कोपरा शांत, पान शांत. माणूस एकच बटण पाच वेळा दाबून पाच ऑर्डरी देऊन मोकळा. तेव्हापासून ज्याचं चक्र त्याने आणावं, असा रिवाज पडला. आवडीचा रंग सांगितला की चक्राचं जिफ करून देणाऱ्या साइट्सही निघाल्या. पांढऱ्या पानासाठी केलेलं जिफ काळ्या पानावर ठेवलं की त्याच्याभोवती पांढरे दाते दिसत, आणि ते पुष्कळांनी ठेवलं.

आता यात शास्त्र शिरलंय. याकोब नीलसन यांच्या हिशोबाने एक दशांश सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते आणि दहा सेकंदांनंतर माणूस दुसऱ्या कामाला लागतो. त्यामुळे विनंती गेल्या गेल्या चक्र दाखवायचं नाही, नाहीतर ते नुसतं लुकलुकून जातं आणि पडदा बिघडला असं वाटतं. आम्ही तीनशे मिलिसेकंद दम धरतो. पण एकदा दाखवलं की किमान अर्धा सेकंद तरी ठेवायचं. म्हणजे माहिती येऊन उभी असते, आणि वाट बघणं नीट दिसावं म्हणून आम्ही तिलाच वाट बघायला लावतो.

यावर कडी केली आमच्या एका क्लायंटने. विम्याचा हप्ता काढून देणारं पान होतं.

"सर, हिशोब लगेच होतो," मी म्हटलं.

"तेच तर म्हणतोय. लोकांना वाटेल तोंडाला येईल तो आकडा फेकला. तीन सेकंद लावा. आणि खाली लिहा, आम्ही आपल्यासाठी सर्वोत्तम योजना शोधत आहोत."

मला हसू आलं, पण माणूस चुकत नव्हता. हार्वर्डच्या रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन यांचा २०११ चा अभ्यासच आहे: आपल्यासाठी कष्ट उपसले जातायत हे दिसलं, तर लोकांना चटकन आलेल्या उत्तरापेक्षा थांबून मिळालेलं तेच उत्तर जास्त मोलाचं वाटू शकतं. तीन सेकंद लावले. पान आवडलं लोकांना.

काम किती झालं हे दाखवत पुढे सरकणारी पट्टी लोकांना आवडते, हे ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं. पण सर्व्हरचं किती काम झालंय हे ब्राउझरला बहुतेक वेळा माहीतच नसतं. मग पट्टी आपल्या मनाने थोडीथोडी सरकवायची आणि शंभराच्या अलीकडे अडवून धरायची. दिवाळीच्या आदल्या दिवशी शिंपी "फक्त काज-बटण राहिलंय" म्हणतो, तेव्हा कापड अजून गठ्ठ्यातच असतं. आमचे नव्व्याण्णव टक्के त्याच जातीचे. वर, पट्टीवर मागे सरकणाऱ्या रेषा काढल्या तर तोच वेळ अकरा टक्के कमी वाटतो, हेही ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मोजून ठेवलंय. वेळ तेवढाच, हं.

ल्यूक रोब्लेव्स्की यांच्या 'पोलर' नावाच्या ॲपमध्ये चक्रं बसवली, तर ॲप मंदावलं अशा तक्रारी आल्या. त्यांनी चक्रं काढली आणि मजकुराच्या जागी करड्या पट्ट्या ठेवल्या. त्याच आता जिकडेतिकडे दिसतात. आईने त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा चष्मा पदराने पुसला, मग फोन पुसला, मग मला हाक मारली. "अरे, अक्षरं गेली रे सगळी."

तिचा सगळा व्यवहार आता फोनवर चालतो. परवा ती ओट्याशी उभी राहून विजेचं बिल भरत होती. मधोमध चक्र, खाली ताकीद: बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका.

"हे खरंच फिरतंय, का तुझ्यासारख्या कुणीतरी फिरवलंय?"

"फिरवलंयच. पण मागे काम चालू असेल."

"असेल?"

मी गप्प. तिने नीलसनच्या दहा सेकंदांपर्यंत कळ काढली, मग फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि मोहरी टाकली. कांदा परतून झाला तरी चक्र फिरतच होतं. तेवढ्यात बँकेचा मेसेज आला, पैसे गेले. चक्र थांबलं आणि त्याच्या जागी पाटी आली: सेशन संपलंय, पुन्हा प्रयत्न करा.

"काय करू रे आता?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कांदा हलव, करपतोय."