पहिला दिवस, पहिला अपेक्षाभंग

बंगळुरात मल्लेश्वरम, राजाजीनगर, जालहळ्ळी यांपैकी कुठेही चार मराठी घरं शोधा, एका घरात हे काका सापडतातच. सरकारी कारखान्यातून निवृत्त, गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळाचे आजीव सभासद, आणि गणपतीत लाउडस्पीकरची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याचकडे. घरात बाँडपटांच्या संगीताच्या तबकड्या असतात. त्या पुसण्याचा अधिकार काकूंनाही नाही. लोक सिनेमा बघतात. काका तो ऐकतात, आणि ऐकून निराश होतात.

निराश होण्याची पूर्वतयारी मोठी असते. पहिल्या दिवसाचं तिकीट, मधली रांग, मधली खुर्ची, कारण दोन्ही कानांना सारखा न्याय मिळाला पाहिजे. पॉपकॉर्न वर्ज्य, शेजारच्यालाही. शीर्षकगीत संपेपर्यंत चेहऱ्यावर मुलगी बघायला आल्यासारखी उत्सुकता. मग पाठलाग सुरू होतो आणि काका काकूंच्या कानाशी लागतात, "ब्रास कुठंय?" काकू म्हणतात, "येईल हो, आत्ताच तर बसलोय."

काकांच्या लेखी बाँडचं संगीत म्हणजे जॉन बॅरी. त्यांनी अकरा बाँडपट केले, शेवटचा १९८७ चा 'द लिव्हिंग डेलाइट्स'. पुढचं सगळं पडझडीत जमा. १९९५ मध्ये 'गोल्डनआय'ला फ्रान्सचा एरिक सेरा आला. जुनी माणसं प्लेगचं साल म्हणायची, तसं काका त्याला 'पंच्याण्णव साल' एवढंच म्हणतात. मात्र त्याच चित्रपटाने त्यांना आयुष्यातला सर्वांत मोठा विजयही मिळवून दिला. सेंट पीटर्सबर्गमधल्या रणगाड्याच्या पाठलागाचं सेराचं संगीत निर्मात्यांनाच रुचलं नाही. तो तुकडा जॉन आल्टमनकडून नव्याने करून घ्यावा लागला. ही हकिगत काका अशी सांगतात, की लंडनला पत्र त्यांनीच टाकलं होतं असं वाटावं.

थॉमस न्यूमनवरचा राग जास्त मुरलेला. 'स्कायफॉल'च्या संगीताला बाफ्टा मिळालं तेव्हा काका म्हणाले, "बाफ्टावाल्यांचं काय घेऊन बसलात!" २०१५ मध्ये 'स्पेक्टर' आला आणि त्यात 'स्कायफॉल'चेच तुकडे ऐकू येऊ लागले. काकांनी अंधारात मांडीवर थाप मारली आणि ओरडले, "हा तोच!" पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरं दचकून पडद्याकडे बघू लागली, त्यांना वाटलं, म्हाताऱ्याने खलनायक ओळखला.

काकांची खरी परीक्षा झाली ती २००६ च्या 'कसिनो रोयाल'ला. हा बाँड अजून पुरता बाँड झालेला नाही, म्हणून डेव्हिड आर्नल्डने मूळ धून जवळजवळ शेवटपर्यंत राखून ठेवली होती. इकडे काका दोन तास "विसरला, विसरला" असं पुटपुटत होते, अगदी समाधानाने. शेवटी नायक आपलं नाव सांगतो आणि धून पूर्ण थाटात सुरू होते. काकांचा चेहरा पडला. तक्रारीला जागाच उरली नव्हती! श्रेयनामावली संपली, झाडूवाला येऊन "मुगीतु, सार्" म्हणाला, तरी हे बसलेलेच. परतताना रिक्षावाल्याने मीटरवर तीस रुपये जादा मागितले आणि काकांनी ते मुकाट्याने दिले. काकूंनी घरी आल्या आल्या थर्मामीटर काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी, गिटार जरा मागे पडली होती, असा शोध लागल्यावर त्यांना भूक लागली.

काका बेळगावबद्दल बंगळुरात कधी चकार शब्द काढत नाहीत. सीमावादाची हौस ते दुसरीकडे भागवून घेतात : बाँडची मूळ धून कोणाची, माँटी नॉर्मनची की बॅरीची? २००१ मध्ये लंडनच्या कोर्टाने नॉर्मनच्या बाजूने निकाल दिला, तीस हजार पौंडांची भरपाईही दिली. काकांना तो निकाल मान्य नाही. बरं, नॉर्मनने ती चाल मुळात नायपॉलच्या 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास'वरच्या संगीतिकेसाठी बांधली होती. ती संगीतिका रंगमंचावर आली नाही. गाणं होतं जन्मापासून अपशकुनी शिंक पाठीशी लागलेल्या माणसाचं. त्रिनिदादच्या भारतीय घरातली चाल ब्रिटिश हेराला चिकटली याचा काकांना अभिमान आहे, आणि मालिकेत माशी नक्की कुठे शिंकली याचा पुरावाही त्यांना तिथेच सापडतो.

शेजारचे कन्नड गृहस्थ मुद्दाम काडी टाकतात, "आमच्या राजकुमारांचा कन्नड बाँडपट 'जेडर बले' ऐकलात का? १९६८. संगीत जी. के. वेंकटेश." काका क्षणभर थांबतात. "त्यांनी वाद्यवृंद नीट वाजवून घेतलाय," असं कबूल करतात. हयात संगीतकारांपैकी कोणाला एवढी शाबासकी मिळाल्याचं ऐकिवात नाही.

२०२५ च्या जूनमध्ये, पुढचा बाँडपट डेनी व्हिलनव दिग्दर्शित करणार, असं जाहीर झालं. काकांनी पेपर खाली ठेवला. "ह्याच्या 'ड्यून'ला हान्स झिमर होता. 'नो टाइम टु डाय'लाही तोच. म्हणजे संपलंच सगळं."

"अहो, संगीतकाराचं नाव कुठे आलंय अजून?" काकू म्हणाल्या. "आणि एवढंच वाटतंय तर जायचंच कशाला?"

"जायचं नाही?" काका दुखावले. "न ऐकता नावं ठेवायची, ही काय रीत झाली?"