पसंतीक्रमातील आवड

विद्यार्थ्याने आपल्या आवडीच्या विषयातच शिक्षण घ्यावे, या तत्त्वाबद्दल उदगीर आणि परिसरात कोणाचेही दुमत आढळत नाही. मतभेद आहे तो फक्त ही आवड नेमकी कोणाची धरावी, एवढ्या तपशिलापुरता. दहावीचा निकाल लागल्यानंतर अकरावीचा प्रवेश पक्का होईपर्यंतच्या काळात हा तपशील ठरवण्याचे काम घरातील एक अनौपचारिक समिती करते, आणि तिच्यात वडील, मामा, नुकताच क्लासमधून सुटलेला चुलतभाऊ व पेढे घेण्याच्या निमित्ताने आलेले पाहुणे यांचा समावेश असतो. विद्यार्थ्याला या समितीत निमंत्रित सदस्याचा दर्जा असून त्याला चहा मिळतो, मताधिकार मिळत नाही. समितीचा निर्णय बहुधा एकाच वाक्यात लागतो: ‘लेकराला सायन्सला टाका, लातूरला टाका.’

लातूरला म्हणजे ‘लातूर पॅटर्न’मध्ये. सराव परीक्षांचा अखंड मारा, अभ्यासक्रम लवकर संपवून त्याच्या पुन्हा पुन्हा उजळण्या आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या चुकांचा हिशेब ठेवणे, अशी ही अध्यापनपद्धती लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात आकाराला आली. तिच्या शिल्पकारांत प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे, कारण मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलालाही गुणवत्ता यादीत येता येते, हे या पद्धतीने सिद्ध केले. मात्र या थोर शिक्षणतज्ज्ञाने स्वतःसाठी निवडलेला विषय कोणता होता, याकडे पालकवर्गाचे अद्याप लक्ष गेलेले दिसत नाही. वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक, आणि त्यांनी मन लावून अभ्यास केला तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा. पुढे 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा ते त्याचे पहिले कुलगुरू झाले. आज एखाद्या मुलाने घरच्या समितीपुढे असा विषय मांडला असता, तर समितीने त्याला आधी पाणी प्यायला दिले असते आणि मग मामाला फोन लावला असता.

‘नीट’ ही देशपातळीवरील वैद्यकीय प्रवेशपरीक्षा 180 प्रश्नांची आणि 720 गुणांची असून, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात व चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. या 720 गुणांपैकी एकही गुण, उमेदवाराला आजारी माणसाजवळ बसवते का, या प्रश्नाला राखून ठेवलेला नाही. परीक्षेनंतर भरावयाच्या पसंतीक्रमाच्या फॉर्मवर, म्हणजे कोणता अभ्यासक्रम व कोणते महाविद्यालय कोणत्या क्रमाने हवे हे नोंदवण्याच्या यादीवर, पसंती उमेदवाराची असते आणि क्रम गुणांचा असतो. परिणामी आवड ही गुणांबरोबर पायरी पायरीने खाली उतरते: मेमध्ये जो मुलगा हृदयशल्यविशारद होण्यासाठीच जन्मला होता, तो निकालानंतर दातांच्या आरोग्याबद्दल आस्थेने बोलू लागतो, पुढच्या फेरीत त्याला आयुर्वेदाचे लहानपणापासून आकर्षण असल्याचे उघड होते आणि त्याही पुढच्या फेरीत होमिओपॅथीच्या गोळ्या त्याला बालपणी किती गोड लागत, याची आईला आठवण होते. ज्याची आवड एवढी लवचीक नसते, तो रिपीटर होतो, म्हणजे आणखी एक वर्ष लातूरच्या खोलीवर, मेसच्या डब्यावर आणि वडिलांच्या सोयाबीनवर काढतो.

ही उतरंड उतरताना कधीतरी पशुवैद्यकाची पायरी येते, आणि येथे उदगीरची खरी गंमत सुरू होते. ज्या शाखेपर्यंत पोहोचण्यासाठी मुलगा उदगीर सोडून लातूरला गेला, तिचे शासकीय महाविद्यालय उदगीरमध्येच आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या या महाविद्यालयातील प्रवेशही नीटच्या गुणांवरच होतात आणि पदवीचा काळही, वर्षभराची आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष उपचारांचे प्रशिक्षण धरून, एमबीबीएसप्रमाणेच साडेपाच वर्षांचा आहे. फरक एवढाच की एमबीबीएसवाला एवढ्या काळात एकच प्राणी शिकतो, तर पशुवैद्यकाला गाय, म्हैस, घोडा, शेळी, कुत्रा आणि कोंबडी शिकावी लागते, आणि त्यांपैकी कोणीही कुठे दुखते ते सांगत नाही. तरीही सोयरिकीच्या बैठकीत एमबीबीएसवाला डॉक्टर ठरतो आणि हा ढोरांचा डॉक्टर. (ही विभागणी करणाऱ्याची म्हैस अडली की मात्र तो रात्री दोन वाजता यालाच ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतो.)

उदगीरच्या शेजारचा देवणी तालुका ज्या गोवंशाला नाव देऊन बसला आहे, तो देवणी वंश दूध आणि ओढकाम या दोन्हींसाठी पाळला जातो. त्यात रंगावरून बाळंक्या, वान्नेरा आणि शेवेरा असे प्रकार मानतात: बाळंक्या संपूर्ण पांढरा, वान्नेरा अंगाने पांढरा पण तोंडाला काळा रंग असलेला, तर शेवेरा पांढऱ्या अंगावर वेड्यावाकड्या काळ्या ठिपक्यांचा. पलीकडे नांदेड जिल्ह्यात लालकंधारीचा मुलूख लागतो. या भागातील एखादे दहावीचे पोर बांधावरून ओळखते की समोरचा खोंड शेवेरा आहे, कोणत्या वळूचा आहे आणि पोळ्यापर्यंत कामाला येईल की नाही. या ज्ञानाला घरात आवड असे कोणी म्हणत नाही. त्याला ‘अभ्यास सोडून ढोरांमागे हिंडणे’ म्हणतात, आणि त्यावरचा उपाय म्हणून त्याला लातूरला टाकतात. तेथे तो दोन वर्षे बेडकाच्या आकृत्या काढतो. मग गुणांच्या उतरंडीवरून घसरत एखादे वेळी पुन्हा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखल होतो, तेव्हा पाहुणे हळहळतात आणि तो मात्र पहिल्यांदाच वर्गात पुढच्या बाकावर बसतो.

याच विद्यापीठाचे मत्स्य विज्ञान महाविद्यालयही उदगीरमध्ये आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, आणि एप्रिल 2016 मध्ये ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात मासळीचे शास्त्र शिकवावे, यावर हसू येणे स्वाभाविक आहे. पण शेततळी आणि तलाव यांतील गोड्या पाण्याची मत्स्यशेती हा स्वतंत्र विषय आहे, आणि पाण्याची किंमत पाणी नसलेल्या गावात अधिक चांगली शिकवता येते, असेही म्हणता येईल. घरच्या समितीला हा युक्तिवाद पटल्याचे मात्र ऐकिवात नाही.

गुण पाहून क्षेत्र ठरवण्याची रीत या मातीत जुनी आहे. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि सुमारे 60 लाखांचा मुलूख मिळवला. भाऊ मुळात हिशेब आणि कारभार यांत मुरलेले. तथापि उदगीरचा निकाल एवढा उत्तम लागला की पुण्याच्या समितीने त्यांची रवानगी थेट उत्तरेच्या मोहिमेवर केली, आणि 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यांना स्वतःला काय आवडत होते, याची चौकशी तेव्हाही झाली नसावी.

कला शाखेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण समितीच्या मते ती शाखा नसून अपघात आहे. एप्रिल 2022 मध्ये येथील महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या आवारात भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली 95 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा हेच सर्व पालक लेखकांना पाहायला आले असणार. आपल्या घरात त्यांच्यापैकी एक निघू नये, एवढीच त्यांची अपेक्षा असावी.

तेव्हा उदगीर, देवणी, जळकोट आणि अहमदपूरच्या पालकांना एक विनंती करता येते. पसंतीक्रमाचा फॉर्म भरण्यापूर्वी, मामाला फोन लावण्याच्याही आधी, लेकराला एकदा विचारून पाहावे. उत्तर ‘ढोरांचा डॉक्टर’ असे आले, तर महाविद्यालय गावातच असल्याने निदान पुढच्या साडेपाच वर्षांचे खोलीभाडे वाचेल.