तेलाचे सोवळेओवळे

पेट्रोलचा दर बाजार ठरवतो, असे आपण 2010 पासून ऐकतो आहोत. 2014 मध्ये डिझेलही बाजाराच्या हवाली झाले. हा बाजार नेमका कुठे भरतो ते विचारू नये; मतदानाच्या तारखा मात्र त्याला तोंडपाठ आहेत. 2018 साली कर्नाटकात 12 मे रोजी मतदान होते. त्याआधी जवळजवळ तीन आठवडे दराने कूस बदलली नाही आणि 14 मेला तो ताडकन उठला. दोन दिवसही दम निघू नये?

पण संस्कार होतात हो, हळूहळू. 2021 च्या नोव्हेंबरपासून दर पुन्हा गप्प. मध्येच युक्रेनमध्ये युद्ध पेटले, कच्चे तेल शंभर डॉलरच्या वर गेले, तरी आपला पंप ध्यानस्थ. कारण पाच राज्यांत निवडणुका. 10 मार्च 2022 ला निकाल लागले आणि 22 मार्चला 80 पैशांनी श्रीगणेशा झाला. निकालापासून मोजा, बरोबर तेरावा! सुतक फिटले, मग पंधरा-सोळा दिवसांत दहा रुपये चढले. मुंबईत पेट्रोल 120 च्या पार.

गॅसची गोष्ट वेगळी. 2015 मध्ये 'अनुदान स्वेच्छेने सोडा' अशी हाक आली, पुष्कळांनी सोडलेही. उरलेल्या बहुतेकांच्या वतीने 2020 मध्ये सरकारनेच सोडून दिले. सिलिंडर उतरला म्हणून अनुदान थांबले. सिलिंडर पुन्हा चढला, अनुदान खालीच राहिले.

राज्य तरी मागे कसे राहील? 2015 ला दुष्काळाच्या नावाने इंधनावर अधिभार बसला. पुढच्या वर्षी मराठवाड्यात पूर आले, तरी दुष्काळाचा मुक्काम पंपावरच.

आणि जनक्षोभ? त्याचे वाहन ठरलेले. 1973 मध्ये दरवाढीच्या निषेधार्थ वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. तेव्हापासून बैलगाडी विरोधकांच्या दारात उभी असते. सत्ता आली की शेजाऱ्याला द्यायची. 2021 च्या जुलैत मुंबईत काँग्रेसवाले तीत इतके चढले, की गाडीच मोडली. बैलांचे म्हणणे कोणी विचारले नाही. राज्यात पेट्रोलवर व्हॅट घेणाऱ्या सरकारात तेव्हा हाच पक्ष भागीदार होता, ही गोष्टही त्या गर्दीत कुणाला आठवली नाही.

तेव्हा वाचकहो, दरवाढीविरुद्धच्या मोर्चाला जरूर जा, कोणाचाही असो. फक्त बैलगाडीत पाय ठेवण्याआधी, वर बसलेल्यांचा व्हॅट किती, तेवढे विचारून घ्या.