निरंक असल्यास निरंक कळवावे

"बातमी पयले कोनाले लागते, सांग बरं सुनबाई?" काकाजींनी कुंपणापलीकडून विचारलं. "शिक्षणाधिकाऱ्याले? नाही जी. पयले पानठेल्याले, मंग सदस्याले, मंग पेपरवाल्याले. साहेबाले सर्वात शेवटी. तेही वरून 'तात्काळ अहवाल सादर करावा' असं आल्यावर."

काकाजी म्हणजे झेडपीच्या शिक्षण विभागातले निवृत्त बाबू. नोकरीला लागले चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला. 26 ऑगस्ट 1982 ला जिल्हा फुटला, मग गडचिरोलीला गेले, पुन्हा इकडं आले. दोन्हीकडच्या गोष्टी त्यांच्या पोटात एकत्र कालवलेल्या आहेत. कोणती कुठली ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. आमच्या दोन सांदवाड्यांमध्ये बांबूचं कुंपण आहे. त्यावरचा दोडक्याचा वेल त्यांचा, दोडकी दोन्ही घरची.

विषय माझ्या नणंदेच्या गावच्या शाळेवरून निघाला. पट वीसच्या आत. एक गुरुजी बदलून गेले, दुसऱ्यांना सारखी कुठली ना कुठली माहिती भरायला बसावं लागतं. त्यात 2024 च्या मार्चात संचमान्यतेचा, म्हणजे किती पटाला किती शिक्षक ते ठरवणारा, जीआर आला, शिक्षकांनी मोर्चे काढले. तेव्हापासून गावात रोज एक अफवा: शाळा बंद होणार, पोरं शेजारच्या गावी जाणार. आरटीईत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं लिहिलंय. पण आमच्याकडं त्या एका किलोमीटरात नाला असतो, आणि नाल्यावर वाघ पाणी प्यायला येतो.

"हे सगळं वरच्यांना कोणी सांगतच नाही का हो?"

"सांगते ना. त्याचंच तं काम आहे ते." काकाजींनी खर्ऱ्याची पन्नी काढली, दारात काकू दिसल्या तशी खिशात परत टाकली. "झेडपीचा कायदा 1961 चा. 1 मे 1962 ले झेडप्या आल्या, त्याच्या पयले आपल्याकडं जनपद सभा होत्या. झेडपीत शिक्षण समिती. सभापती लोकायनं निवडून दिलेला, अन् सचिव कोन? शिक्षणाधिकारी! अजेंडा तोच काढते, इतिवृत्त तोच लिहिते, अनुपालन तोच वाचते. म्हंजे प्रश्न कोनं विचारला अन् उत्तर काय देल्लं, दोन्ही लिवनारा हात एकच."

"मग तो स्वतःच्या विरुद्ध कशाला लिहील?"

"लिहाच लागे. समोर बसलेले सोडत नव्हते. गडचिरोलीले 51 सदस्य, चंद्रपूरले 56. सिरोंच्याचा सदस्य आदल्या दिवशी एसटीनं निघे, दोनशे किलोमीटर. इतकं आल्यावर तो का नुसता नाश्ता करून जाईल?"

"नाश्तापण करत होते," दारातून काकू. "आलुबोंडे किती लागत ते सांगा की."

सभेच्या आधीचे आठ दिवस काकाजींच्या तोंडून ऐकण्यासारखे. साहेबाचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्याला, त्याचं विस्तार अधिकाऱ्याला, त्याचं केंद्रप्रमुखाला, त्याचं मुख्याध्यापकाला. मग त्याच पायऱ्यांनी माहिती वर. पूर्वी हे टपालानं चाले, पोस्टमनच्या सायकलीच्या बेतानं. आता व्हॉट्सअॅपवर येतं: 'सोबतच्या प्रपत्रात आज दुपारी चारपर्यंत. निरंक असल्यास निरंक कळवावे.' भामरागडकडं पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून गेली की माणूसच तिकडचा इकडं येत नाही, तिथं प्रपत्र काय येणार? गुरुजी रेंज शोधत टेकडीवर चढतात. चार वाजून जातात. चार वाजून गेले की केंद्रप्रमुख त्या रकान्यात काय भरतो, हे सांगायला नको.

"एकदा असंच झालं," काकाजी म्हणाले. "साल नाही सांगत. पावसाळी सभा. साहेबानं वाचलं, धोकादायक वर्गखोल्या, निरंक. मीच टाइप केलं होतं ते. तं मागच्या रांगेत एक बाई बसे, आदिवासी, कधी बोलत नसे. सगळे समजत, हिले मराठी कमी येते. तिनं पिशवीतून पेपरात गुंडाळलेलं छपराचं कवेलू काढलं, अर्धं फुटलेलं, शेवाळ लागलेलं. उठून साहेबाच्या टेबलावर ठेवलं अन् म्हने, साहेब, हे निरंक आमच्या शाळेतून पडलं."

"मग?"

"मंग काय! सभागृहात बोंबाबोंब. साहेब म्हने तपासून घेतो. पन खोली पाडता येत नाही ना लगेच. सरकारी खोली, निर्लेखन करा लागते. मुख्याध्यापकाचा प्रस्ताव, बांधकामवाल्याचा दाखला, समितीचा ठराव, मंग पाडा. दुसऱ्या सभेत अनुपालन: कार्यवाही सुरू आहे. तिसऱ्या सभेत: कार्यवाही सुरू आहे. बाई दर वेळेस उठे अन् एकच विचारे, कवेलू कुठी ठेवलं माझं? वैतागून साहेबानं सोताच गाडी काढली अन् चार दिवस जंगलातल्या शाळा पायत हिंडला. परतून आला तं त्याले आमच्यापेक्षा जास्त माहिती होती."

आता खरं सांगायचं तर सदस्यांचं मला फार कौतुक नाही. निम्मी सभा बदल्यांच्या वशिल्यात जायची, उरलेली बांधकामाच्या टक्क्यांत. शाळेच्या नावानं उठलेला माणूस खाली बसताना ठेकेदाराचं नाव घेऊनच बसायचा. काकाजींना मी हे म्हटलंही. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. पन त्यात एखादी तिच्यासारखी असेच ना!"

आणि 2022 च्या मार्चात झेडपीची मुदत संपली. नुसती आमची नाही, राज्यातल्या 25 झेडपींची. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात, निवडणूक लांबली ती लांबलीच. सीईओ झाले प्रशासक. वर्षं उलटून गेली.

"म्हणजे आता शिक्षणाधिकारी अहवाल कोणाला देतात?"

"सीईओले."

"आणि सीईओ प्रशासक म्हणून तो कोणाकडून ऐकतात?"

"शिक्षणाधिकाऱ्याकडून!" काकाजी असे हसले की वेल हलला. "काम पटपट होते, हे खोटं नाही. टिपणी ठेवली, सही झाली. आरडाओरड नाही, सभात्याग नाही. पन कवेलू घेऊन कोन येनार? दारावर शिपायी आहे."

मी म्हटलं, गावाची सभा आहे की. धानोरा तालुक्यातल्या मोहगावनं 2019 मध्ये ग्रामसभेच्या जोरावर गोंडीतून शिकवणारी शाळा काढलीच ना! शिक्षण विभागानं मान्यता नाही म्हणून नोटीस दिली, तर गाव हायकोर्टात गेलं. पेसा कायदा आणि राज्यघटनेची पाचवी अनुसूची पुढं ठेवली. त्या गावाला कोणी माहिती देईपर्यंत थांबावं लागलं नाही.

"सगळी गावं मोहगाव नसते, बाई. तुझ्या नणंदेच्या गावी शाळा व्यवस्थापन समिती असन ना?"

आहे. त्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया, सचिव मुख्याध्यापक, सभा दर महिन्याला. नणंदही सदस्य आहे. रोवण्याच्या दिवसांत रजिस्टर बांधावर येतं. ती चिखलाचा हात लुगड्याला पुसते, दाखवतील तिथं सही करते आणि पुन्हा धानात वाकते. वर काय लिहिलंय ते तिला अजून माहीत नाही.

"पुढच्या सहीच्या वेळी वाचून दाखवा म्हन तिले," काकाजी म्हणाले. "अन् ठराव लिहाले लाव. पट किती, गुरुजी किती, नाला कुठी, पोरं किती चालन. सूचक, अनुमोदक, दोघायची नावं पायजे. खाली प्रती लिहाच्या: गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, सीईओ."

"आणि आपल्या गटाचे सदस्य?"

"तेही लिव्ह. नाव कोरं सोड, निवडून आले की भरता येते." मग काकूंकडं एक नजर टाकून त्यांनी पन्नी पुन्हा काढली. "पन पोच घ्याले सांगजो. सही, शिक्का, तारीख. पोच नाही तं तो कागद त्यायले भेटलाच नाही असं लिहून देतीन. मीच देत होतो की तीस वर्षं."