घोडाही गाडीत बसतो

वेल्समधल्या पॉर्थमॅडॉग नावाच्या बंदरावर मला सर्वांत जास्त हेवा कोणाचा वाटला असेल, तर घोड्याचा. तोही 1836 सालच्या.

डोंगरात वर ब्लायनाय फेस्टिनिऑगला पाटीच्या दगडाच्या खाणी, खाली बंदर, मध्ये वीसेक किलोमीटर. तिथे रूळ टाकले ते असा हिशेबी उतार साधून, की भरलेले डबे ब्रेकवाल्याच्या भरवशावर आपसूक धक्क्याला लागावेत. रिकामे डबे वर ओढायला घोडे. आणि उतरताना? घोड्यांना खास डबा! त्यात उभं राहून, चारा चघळत, डोंगर न्याहाळत स्वारी खाली यायची. मी उभी हयात कल्याण लोकलने नोकरी केली. उभं मलाही राहावं लागे, पण चाऱ्याचं रेल्वेने कधी मनावर घेतलं नाही. 1863 मध्ये वाफेची इंजिनं आली आणि घोड्यांची ही चैन हळूहळू संपली.

मुळात हे बंदर कोणाला हवं होतं, हाही प्रश्नच आहे. विल्यम मॅडॉक्स या खासदारसाहेबांना हवी होती जमीन. त्यांनी खाडीच्या तोंडावर दीडेक किलोमीटरचा बांध घातला. 1811 मध्ये तो पुरा झाला, 1812 मध्ये समुद्राने त्याला भगदाड पाडलं. कर्ज काढून, लोकांपुढे हात पसरून ते बुजवलं. मग वळवलेल्या नदीनेच वाळू खरवडून खोल पाण्याची जागा करून दिली आणि साहेबांना न मागता बंदर मिळालं. आपल्याकडे उद्घाटनाच्या फलकावर याला ‘दूरदृष्टी’ म्हटलं असतं.

बंदरातून जायची छपराची दगडी कौलं. 1842 च्या आगीत हॅम्बुर्ग जळालं, तेव्हा तिथली नवी छपरं शाकारायला वेल्सचा दगड गेला. 1873 मध्ये इथून 1,16,000 टनांवर माल बाहेर पडला. या कौलांना मापाप्रमाणे नावं होती. 24 बाय 12 इंचांची डचेस, 20 बाय 10 ची काउंटेस, 16 बाय 8 ची नुसती लेडी. म्हणजे सगळं सरदारघराणं छपरावर पावसात भिजत पडलेलं आणि खाली कारकून कोरडा! औद्योगिक क्रांतीत मला पटलेली समता ती एवढीच.

परतीला माल नसला की जहाज कलंडू नये म्हणून खलाशी मिळतील तिथले दगड भरून आणत आणि बंदराच्या तोंडाशी ओतत. त्याचं चक्क एक बेट झालंय. दगड विकायचा आणि येताना दगडच आणायचा, असा सचोटीचा व्यापार मी दुसरीकडे पाहिला नाही.

आता धक्क्यावर हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या डुलतात. गाडी मात्र सुटते, वाफेवरच. ती 1946 मध्ये बंद पडली होती. 1955 पासून हौशी मंडळींनी ती पुन्हा टप्प्याटप्प्याने चालू केली. आजही पगारी माणसांच्या जोडीला स्वयंसेवक राबतात. ज्या कामाला कंटाळून आजोबांनी नातवाला शाळेत घातलं, तेच काम शिकलेला नातू हक्काची रजा टाकून, पदरमोड करून करतो. आमच्या इंजिनावर काळ्या पडलेल्या हातांनी कोळसा लोटणारे गृहस्थ एरवी हिशेब तपासनीस होते. घामाघूम, आणि चेहऱ्यावर सत्यनारायणाला बसलेल्या यजमानाचं समाधान!

मी भारावून मँचेस्टरच्या भाच्याला म्हटलं, “विचार रे, पाहुण्यांना घेतात का आठवडाभर?”

“घेत असतील, मामा. पण आधी मामींना विचारा.”

सौभाग्यवती खिडकीबाहेरची नजर न हलवता म्हणाल्या, “घरी सिलिंडर बदलायचा म्हटला की यांची कंबर धरते. त्यांना सांग, मागे घोड्यांचा डबा असेल तर यांना त्यात बसवा.”