तपासणीपुरते सज्जन इंजिन

तपासणीपुरती सचोटी हा गुण माणसाने यंत्राला दिला, त्याची नोंद मोटारउद्योगाच्या इतिहासात आहे. गाडीच्या धुराची चाचणी वर्षानुवर्षे प्रयोगशाळेतच होत आली. चाके रोलरवर फिरतात, वेग ठरलेल्या क्रमाने चढतो-उतरतो आणि स्टिअरिंग जागचे हलत नाही. जगातल्या कोणत्याही रस्त्यावर गाडी अशी चालत नाही. चाकणच्या तळेगाव चौकात तर ती बहुधा चालतच नाही. तेव्हा परीक्षा चालू आहे हे ओळखायला इंजिनाच्या संगणकाला फार डोके लागले नाही.

फोक्सवॅगनच्या ईए १८९ या डिझेल इंजिनात ही हुशारी भरलेली होती. रोलरवर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेत, रस्त्यावर मोकाट. शाळा तपासायला दिपोटी यायचे त्या दिवशी वांड पोरेही हाताची घडी घालून बसत, तसाच हा प्रकार. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस काढली. तिथे रस्त्यावरचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या.

कंपनीचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. पोलो आणि व्हेंटो तिथल्याच. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने कंपनीच्या डिझेल गाड्या रस्त्यावर पळवून पाहिल्या, तेव्हा धूर भारतीय मर्यादेच्या ५ ते ९ पट भरला. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आणि नियम मोडलेला नाही, असेही सांगितले. मर्यादा प्रयोगशाळेतल्या धुराला होती, रस्त्यावरच्या धुराला नव्हतीच. युक्तिवाद कायद्याच्या अंगाने विचार करण्याजोगा होता. फुप्फुसांना तो समजावण्याची सोय नव्हती. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

ही विद्या जर्मनीहून आयात करण्याची मात्र गरज नव्हती. औद्योगिक पट्ट्यातल्या कित्येक लहान शेडमध्ये ती संगणकाशिवाय चालते. ऑडिटच्या आदल्या रात्री जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगतात. ठेकेदाराच्या पोरांना सेफ्टी शूज आणि हातमोजे मिळतात. पॉवर प्रेसचा सेन्सर जागा होतो: हात साच्यात असला की तो प्रेस खाली येऊ देत नाही. ऑडिटर जेवून गेला की तोच सेन्सर प्रॉडक्शनच्या आड येतो, म्हणून पुन्हा बंद होतो. बोटे जातात ती ऑडिट नसलेल्या दिवशी, त्यामुळे अहवाल स्वच्छ राहतो.

यंत्रांच्या बाबतीत विज्ञानाने यावर उपाय काढला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात धुराचे बीएस-६ निकष आले. १ एप्रिल २०२३ पासून त्यांत प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराची अट बसली. धूर मोजणारे उपकरण आता गाडीवरच चढवतात, त्यामुळे इंजिनाला रस्त्यावरही सज्जनपणे वागावे लागते. शेडच्या सज्जनपणासाठी असे उपकरण अद्याप बसवलेले नाही. तिथे ऑडिटची तारीख आधी कळवण्याची पद्धत कायम आहे.